विहाराच्या कपाटात आणखी कोणती पुस्तके असावीत?

(वर्धापनदिनाच्या कार्यक्रमात वाचनालय समितीच्या वतीने केलेले भाषण)



समितीने आम्हांला वीस मिनिटे दिली आहेत आणि विषय दिला आहे 'वाचन'. वाचनाचे महत्त्व सांगायला आम्ही उभे नाही. ते सांगणारी भाषणे ह्या सभागृहात इतकी झाली आहेत की भिंतींनाही पाठ झाली असतील. आम्ही कपाटाबद्दल बोलणार आहोत. बुद्धमूर्तीच्या डाव्या हाताला काचेच्या दारांचं कपाट आहे ना, तेच. त्याची किल्ली बरीच वर्षं आमच्याकडेच आहे, म्हणून जे सांगायचं त्यात आमचाही कबुलीजबाब येतो.

काही वर्षांपूर्वीची गोष्ट. विम्को नाक्याच्या बाजूला राहणारी नववीतली एक मुलगी रविवारी वंदना संपल्यावर आमच्याकडे आली आणि म्हणाली, "काका, गोष्टीचं पुस्तक आहे का?" आम्ही काय म्हणालो माहीत आहे? "बाळा, हे विहार आहे. इथे गोष्टीबिष्टीची पुस्तकं नसतात." आणि तिच्या हातात भाषणांचा एक जाडजूड खंड ठेवला. तिने तो पंधरा दिवसांनी परत आणून दिला. वर्तमानपत्राचं कव्हर घालून, नीट, एकही पान न दुमडता. म्हणजे उघडलाच नव्हता. त्यानंतर ती वंदनेला आली, पण कपाटाकडे आली नाही. खंडात दोष नव्हता. नववीतल्या पोरीने गोष्ट मागितली आणि आम्ही तिला ग्रंथ दिला, हा आमचा दोष.

आमच्या कपाटात काय आहे? शासनाने 1979 पासून काढलेले बाबासाहेबांच्या लेखन-भाषणांचे खंड आहेत, 'बुद्ध आणि त्याचा धम्म' आहे, चरित्रे आहेत, 'बलुतं'पासूनची आत्मकथने आहेत, आणि अलीकडे स्पर्धा परीक्षांची मार्गदर्शके भरली आहेत. दरवर्षी 6 डिसेंबरला आम्ही शिवाजी पार्कच्या स्टॉलांवर जातो आणि जी पुस्तके आहेत तीच पुन्हा घेऊन येतो. काही पुस्तकांच्या तर चार-चार प्रती झाल्या आहेत! कथा-कादंबरी, प्रवासवर्णन, ललित लेख यांचा कप्पाच नाही.

ज्येष्ठ मंडळी विचारतात, आणि योग्यच विचारतात, की कादंबऱ्या वाचून चळवळ पुढे जाणार आहे का? आम्ही एवढंच म्हणतो की 1907 साली भीमराव मॅट्रिक झाले तेव्हा कृष्णराव अर्जुन केळुसकर गुरुजींनी त्यांच्या हातात स्वतः लिहिलेलं बुद्धचरित्र ठेवलं. परीक्षेसाठी नव्हे. परीक्षा तर झालेली होती. राजगृहात पुस्तकांसाठी जागा ठेवून घर बांधणाऱ्या माणसाने कामापुरतं वाचलं, असं कोण म्हणेल?

आता पुस्तकांकडे येतो. सुरुवात प्रवासापासून करतो. प्रवासवर्णन म्हटलं की आपल्या डोळ्यांपुढे विमान आणि बर्फ येतो, आणि आपण म्हणतो की हे आपलं काम नाही, आपला प्रवास बदलापूर ते सीएसएमटी. पण आपल्यातल्या सर्वांत मोठ्या माणसाने एक प्रवास लिहून ठेवला आहे. 'वेटिंग फॉर अ व्हिसा' ह्या त्यांच्या छोट्या लेखनात पहिलाच प्रसंग 1901 सालचा आहे. साताऱ्याहून काही मुलं वडिलांना भेटायला कोरेगावला निघालेली. नवे कपडे, रेल्वेचा आनंद. मसूर स्टेशनवर उतरतात, न्यायला कुणी आलेलं नसतं, आणि जात कळल्यावर एकही गाडीवाला त्यांना न्यायला तयार होत नाही. शेवटी एक जण दुप्पट भाड्याला कबूल होतो, पण गाडी मुलांनीच हाकायची! रात्रभर पाणी मिळत नाही. इंग्रजी मूळ बाराव्या खंडात आहे, मराठी अनुवादही मिळतात. आपल्याकडे ह्या प्रसंगावर भाषणं होतात, पण मूळ पानं फार थोड्यांनी वाचलेली आहेत. वाचा. किती शांतपणे लिहिलंय ते बघा. आवाज कुठेही चढत नाही. स्टेशनवर बसलेल्या मुलांची भीती आपल्याला दिसते आणि नऊ वर्षांचा मुलगा आपल्या शेजारी येऊन बसतो.

दुसरं पुस्तक धर्मानंद कोसंबींचं 'निवेदन'. हे 1924 साली निघालं. म्हणायला आत्मवृत्त, पण आम्ही ते प्रवासवर्णनाच्या कप्प्यात ठेवणार आहोत. गोव्यातल्या सांखवाळ गावचा, 1876 साली जन्मलेला हा माणूस. शाळा जेमतेम झालेली, घरी नारळाच्या बागायतीचं काम. 'बालबोधमेवा' मासिकात बुद्धावरचा लेख वाचतो आणि त्याला ध्यास लागतो की हा धर्म मुळातून शिकायचा. कुठे शिकायचा ते ठाऊक नाही. 1899 साली घर सोडतो. पुणे, ग्वाल्हेर, काशी. काशीत अन्नछत्रात जेवून संस्कृत शिकतो. तिथून नेपाळात जातो, वाटतं की तिथे बुद्धधर्म सापडेल, आणि तिथली स्थिती पाहून निराश होतो. मग बुद्धगया, कलकत्ता, आणि 1902 साली सिंहलद्वीप. कोलंबोच्या विद्योदय विद्यालयात सुमंगलाचार्यांपाशी पाली शिकतो. पुढे ब्रह्मदेश, पुढे अमेरिकेत हार्वर्डपर्यंत.

खिशात पैसे नसताना केलेला हा प्रवास आहे. पण आम्हांला त्यात जास्त आवडलं ते दुसरंच. कोसंबी आपली फजिती लपवत नाहीत. बायको आणि तान्ही मुलगी मागे टाकून निघालो, त्याची टोचणी ते झाकत नाहीत. आजारपण, भूक, लोकांपुढे पसरलेला हात, सगळं सरळ सांगतात. धम्माच्या शोधात निघालेला माणूस पहिल्या पानापासून संत असतो अशी आपली समजूत असते. ती इथे मोडते, आणि त्यामुळे पुस्तक जवळचं वाटतं. ह्याच कोसंबींनी पुढे परळच्या कामगार वस्तीत बहुजन विहार उभा केला. परळच्या गिरण्यांतून उठून बदलापूर-अंबरनाथला आलेली जी कुटुंबं आज इथे बसली आहेत, त्यांच्यातल्या म्हाताऱ्यांना विचारा, नाव ऐकलेलं असेल.

अण्णाभाऊंचा 'माझा रशियाचा प्रवास' छोटासा आहे. रेल्वेच्या दोन खेपांत संपतो. वाटेगावहून मुंबईपर्यंत पायी आलेला, शाळेचं तोंड जेमतेम पाहिलेला माणूस 1961 साली रशियाला जातो, आणि त्याच्या आधी त्याचं लेखन तिथे पोचलेलं असतं. एवढ्यावरच वाचायला हवं. रशियाचं कौतुक आज जास्त वाटेल, तो देश 1991 साली फुटला, पण घाटकोपरच्या चिरागनगरातून निघालेल्या माणसाचा तो थक्क झालेला डोळा खोटा नाही.

आता जरा वेगळं सांगतो, काहींना रुचणार नाही. गोडसे भटजींचं 'माझा प्रवास' घ्या. पेणजवळच्या वरसईचा भिक्षुक ब्राह्मण, घरावर कर्ज, उत्तरेत मोठा यज्ञ होणार, दक्षिणा मिळेल म्हणून निघतो आणि सापडतो थेट 1857 च्या बंडात. झाशी पडताना तो झाशीत होता. 1883 साली लिहून काढलं, 1907 साली छापलं गेलं. विहाराच्या कपाटात भटजींचं पुस्तक कशाला, असं एका सभासदाने आम्हांला विचारलंच. ह्यासाठी, की सोवळंओवळं मानणारा माणूस आतून कसा विचार करतो, ते तो स्वतःच्या तोंडाने सांगतो, आणि सांगताना लपवायचं असतं हे त्याला माहीतच नाही. शिवाय गोष्ट सांगावी तर अशी! लुटालूट, तहान, प्रेतं, जीव मुठीत धरून पळणं. पुस्तक हातातून सुटत नाही. पंडिता रमाबाईंचं अमेरिकेचं प्रवासवृत्त 1889 सालचं, ते शिकणाऱ्या मुलींनी पाहावं; भाषा जुनी आहे, पण बाईने एका देशाचा कारभार कसा न्याहाळला ते कळतं. पु. लं.चं 'पूर्वरंग' हसत हसत वाचा. आग्नेय आशिया आणि जपान, म्हणजे आपल्या श्रद्धेचे देश एका नाटकवाल्याच्या नजरेने.

प्रवास इथे थांबवतो. कथा-कादंबरीकडे येतो, कारण त्या मुलीने मागितली होती ती गोष्ट.

बाबूराव बागुलांचा 'जेव्हा मी जात चोरली होती' हा कथासंग्रह 1963 सालचा. नावाच्या कथेत रेल्वेत नोकरीला लागलेला तरुण परगावी जातो, खोली मिळावी म्हणून जात सांगत नाही, आणि कळल्यावर मार खातो. बागुल स्वतः रेल्वेत सुरतेकडे होते, खोलीसाठी जात लपवण्याचा अनुभव त्यांचा स्वतःचा होता. आमच्या समितीतले एक सभासद रोज बदलापूरहून मुंबईला कचेरीत जातात. त्यांना आम्ही हे पुस्तक दिलं. लोकलमध्ये दीड तास, जागा मिळाली तर वाचन होतं. आठ दिवसांनी भेटले तेव्हा पुस्तकाला तपकिरी कागदाचं कव्हर. आम्ही म्हटलं, "वा, पुस्तकाची काळजी घेता." ते काही बोलले नाहीत. मग हळूच म्हणाले, "डब्यात आमचा ग्रुप आहे हो. वीस वर्षांचा. भजन म्हणतात, वाढदिवसाला वडे आणतात. त्यांना माझं आडनाव कळून वळत नाही. पुस्तकाचं नाव वाचलं असतं तर विचारलं असतं."

जात चोरल्याची गोष्ट त्यांनी चोरून वाचली. आम्हांला काही बोलता आलं नाही. पुस्तक परत आलं, कव्हर अजून त्यावर आहे, आम्ही काढलेलं नाही. त्यांच्या परवानगीनेच हे सांगतो आहोत. ते इथेच बसले आहेत, कुठे ते दाखवणार नाही.

उर्मिला पवारांच्या कथा, 'सहावं बोट' (1988) आणि 'चौथी भिंत' (1990). आपल्याकडे त्यांचं 'आयदान' सगळ्यांना ठाऊक, कथा थोड्यांना. त्यांची 'कवच' नावाची कथा आहे. आंबे विकणारी आई, गिऱ्हाइकांचे वाह्यात शब्द, आणि ते ऐकून लाजेने मरणारा शाळकरी मुलगा. आई त्या शब्दांना कशी तोंड देते ते वाचताना आम्हांला उल्हासनगरच्या बाजारात टोपली घेऊन बसणाऱ्या आपल्या बाया आठवल्या. घरातल्या मोठ्या मुलांना जरूर द्या. काही शब्द कानाला खटकतील, ते बाजारातलेच आहेत, लेखिकेने शोधून काढलेले नाहीत.

'फकिरा' सांगायलाच नको. 1959 सालची कादंबरी, अण्णाभाऊंनी ती बाबासाहेबांच्या लेखणीला अर्पण केली. पण घरोघरी फोटो असलेल्या लेखकाचं पुस्तक किती घरांत आहे, हा आमचा प्रश्न.

जयंत पवारांचं 'फिनिक्सच्या राखेतून उठला मोर' हे गिरणगावातल्या माणसांच्या कथांचं पुस्तक. 2012 सालचा साहित्य अकादमी पुरस्कार त्याला मिळाला, लेखक 2021 साली गेले. 18 जानेवारी 1982 ला गिरण्यांचा संप सुरू झाला आणि त्यानंतर आपल्या लाइनीला खोल्या घेणाऱ्यांची रांग लागली. ह्या सभागृहातल्या कितीतरी घरांची ती गोष्ट आहे. बाप गिरणीत, मुलगा एमआयडीसीत रोजंदारीवर, नातू मोबाईलवर पार्सलची वाट शोधत मोटारसायकलवर. कथा सोप्या नाहीत, पहिल्या वाचनात कुठे कुठे अडायला होतं. अडलात तर पुढचं पान उलटा, पुस्तक खाली ठेवू नका.

'बनगरवाडी' ही व्यंकटेश माडगूळकरांची 1955 सालची कादंबरी, मेंढरांच्या गावात आलेल्या तरुण मास्तरची. लहान आहे, पहिलं पुस्तक म्हणून कुणालाही द्या. नेमाडेंच्या 'कोसला'बद्दल समितीत भांडण झालं. आमच्यातल्या एकाला ते रडकं वाटतं. आम्हांलाही अर्धं आवडलं. पण धाकट्या बहिणीचा, मनीचा मृत्यू आणि अजिंठ्याची पानं वाचून जो माणूस गप्प होणार नाही, त्याच्याशी आम्ही वाद घालणार नाही.

एक पुस्तक उल्हासनगरवाल्यांसाठी मुद्दाम सांगायचं आहे. आपण कॅम्पात राहतो. कॅम्प नंबर एक ते पाच. मुलं विचारतात का, कॅम्प कशाचा? दुसऱ्या महायुद्धात इथे लष्कराची छावणी होती. फाळणीनंतर सिंधमधून आलेल्या निर्वासितांना त्या बराकींत ठेवलं, आणि ऑगस्ट 1949 मध्ये राजगोपालाचारींच्या हस्ते उल्हासनगरची कोनशिला बसली. सत्तर-पंचाहत्तर वर्षं आपण त्यांच्या दुकानांत काम करतो, त्यांच्याकडून कापड घेतो, उधारीवरून भांडतो. ते काय सोडून आले हे आपण कधी विचारलं नाही, आणि आपण गावकुसाबाहेरून काय सोडून आलो हे त्यांनीही विचारलं नाही. भीष्म साहनींची 'तमस' ही फाळणीच्या दंग्याची हिंदी कादंबरी घ्या. ती सिंधची नाही, पंजाबची आहे, पण घर सुटणं तेच. 1975 साली अकादमी पुरस्कार मिळाला, 1988 साली दूरदर्शनवर आली तेव्हा आपल्या चाळींत एका टीव्हीपुढे तीस-तीस माणसं बसली होती. तिची सुरुवात कुठून होते आठवतं? नत्थू नावाच्या चामड्याचं काम करणाऱ्या माणसापासून. त्याला डुक्कर मारायला सांगतात, कशासाठी ते सांगत नाहीत, आणि शहर पेटतं. दंगा करणारे कोण आणि ज्याच्या हातून पहिलं पाप करवून घेतात तो कोण, हे आपल्या पोरांनी वाचायला नको का?

वेळ संपत आली, अध्यक्ष घड्याळ दाखवताहेत. लेखांच्या पुस्तकांबद्दल थोडक्यात.

इरावती कर्वे. बाईंचा जन्म 1905 साली ब्रह्मदेशातला, तिथल्या इरावती नदीवरून नाव ठेवलेलं. त्यांच्या 'परिपूर्ती' (1949) ह्या संग्रहात 'वाटचाल' नावाचा लेख आहे. पंढरीच्या वारीत दिंडीबरोबर त्या चालत गेल्या. अभंग एकत्र म्हणायचे आणि जेवायच्या वेळी ब्राह्मणांची पंगत वेगळी, मराठ्यांची वेगळी, हे त्यांनी पाहिलं आणि त्यांना ते लागलं. वारी आपली वाट नाही, हे खरं. तरी आम्ही हा लेख सुचवतो, कारण आपण जे बाहेर उभं राहून म्हणतो ते त्या आत चालत असताना म्हणतात, आणि तरी त्या वारीचं प्रेम सोडत नाहीत. एकाच लेखात प्रेम आणि लाज. असं लिहायला आपल्या मुलांनी शिकावं असं आम्हांला फार वाटतं. आपल्या मोर्चांबद्दल, आपल्या जयंतीच्या डीजेबद्दल, आपल्या गटातटांबद्दल असं लिहिणारा कुणी ह्या वस्तीतून निघावा.

दुर्गा भागवतांचं 'ऋतुचक्र' (1956) बदलापूरकरांसाठी. बारा महिन्यांवरचे लेख, झाडं, पानं, पाऊस. तुमच्याकडे ज्येष्ठात स्टेशनाबाहेर बाया जांभळं घेऊन बसतात, कोंडेश्वरला पाणी उतरतं, पलीकडे डोंगर हिरवा होतो. एक वर्ष त्या त्या महिन्याचा लेख त्या त्या महिन्यात वाचून पाहा. जाता जाता सांगतो, ह्याच दुर्गाबाईंनी जातककथांचा मराठी अनुवाद सात खंडांत केला, 'सिद्धार्थ जातक' नावाने. तो आपल्या कपाटात नाही, ह्याची आम्हांलाच लाज वाटली.

अनिल अवचट 2022 साली गेले. त्यांचं 'माणसं' घ्या. हमाल, विडी-तंबाखूतल्या बायका, अशांच्या शेजारी बसून, त्यांना प्रश्न विचारून लिहिलेलं. जड शब्द नाही. आमच्या मते दहावीच्या मुलाला निबंध शिकवायचा तर हेच पुस्तक. गंगाधर पानतावणे सरांच्या 'अस्मितादर्श'चे जुने अंक कुणाच्या माळ्यावर असतील तर रद्दीत देऊ नका, आम्हांला द्या.

पुस्तकं आणायची कुठून? नवी घ्यायला वर्गणी लागेल, ती मागायला आम्ही दारोदार येणारच आहोत. पण बदलापूरला ग्रंथसखा वाचनालय आहे, जुन्या दुर्मिळ मराठी पुस्तकांसाठी लोक लांबून तिथे येतात, आणि आपण त्याच स्टेशनवर उतरून घरी जातो. कल्याणचं सार्वजनिक वाचनालय 1864 सालापासून आहे. तिथले सभासद व्हा. वर्गणी एका पिक्चरच्या तिकिटाहून जड नसते.

आता किल्ली. ती आजपासून आमच्याकडे नाही. कपाटाच्या बाजूला खिळा मारला आहे, त्याला टांगलेली आहे. रविवारी वंदनेनंतर आणि बुधवारी संध्याकाळी सात ते नऊ. वही ठेवली आहे, नाव लिहा, पुस्तक न्या. हरवलं तर हरवलं, भरून मागणार नाही. न वाचता नीट परत आलेल्या पुस्तकापेक्षा वाचून फाटलेलं आम्हांला चालेल.

त्या मुलीचं लग्न होऊन ती टिटवाळ्याला गेली. तिची आई मात्र आज आली आहे, स्वयंपाकाच्या बाजूला भाजी चिरायला बसली आहे. सकाळी आम्ही तिच्या पिशवीत 'चौथी भिंत' टाकलं. वहीतली पहिली नोंद मुलीच्या नावाने केली आहे, परत करण्याची तारीख लिहिलेली नाही.

जयभीम.